आश्रमातली जागा आणि हक्काचे घर

अमरावती-अकोल्यात दिव्यांगांच्या घराचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते: आपल्याकडे त्यासाठी संस्था आहेत. आहेतच. कुष्ठरुग्णांना समाज वेशीबाहेर ठेवत होता तेव्हा डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारले. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस मतिमंद, मूकबधिर मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या कामापुढे वऱ्हाडाने माथा टेकवावा. पण घरांनी आणि गावांनी दारे लावून घेतली, म्हणून ही ठिकाणे उभी राहिली, हे विसरून त्यांचाच दाखला देत दारे बंद ठेवणे हा त्या माणसांच्या कष्टांचा अपमान आहे. बालगृहाच्या नियमाने अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने जायचे कुठे, असा पापळकरांचाच सवाल आहे. या मुलांना जन्मभर तिथेच राहू द्या, ही त्यांची मागणी रास्त आहे. कारण बाहेर त्यांच्यासाठी घर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ मात्र समाजात राहण्याचा हक्क देते आणि कुणालाही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहणे भाग पडू नये, असे सांगते.

दुसरा आक्षेप याच कायद्याच्या कलम ३७ वर आहे. घरांच्या सरकारी योजनांत दिव्यांगांना पाच टक्के राखीव ठेवले तर इतर गरिबांचे घरकुल जाते, असे म्हणतात. हे दिव्यांग त्याच यादीतले गरीब नाहीत काय? शिवाय यादीत नाव लागल्याने प्रश्न संपत नाही. काळ्या मातीच्या मुलखात जोते उंच घ्यावे लागते. दीड फुटाच्या जोत्याला एकास बारा या प्रमाणाने अठरा फुटांचा उतार लागतो. नकाशातच ती जागा सोडली तर खर्च थोडा वाढतो. घर उभे राहिल्यावर मात्र उतारासाठी अंगणच उरत नाही. ‘खर्च परवडत नाही’ म्हणणारे बहुधा नंतरच्या तोडफोडीचा हिशेब मांडतात. सरकारी पैशातून बांधलेल्या घरकुलात पायऱ्या चढता न येणारा माणूस दारातच अडकला, तर तो पैसा सत्कारणी लागला असे कसे म्हणावे?

राहिला घर भाड्याने कुणाला द्यायचे या घरमालकाच्या मर्जीचा मुद्दा. मालकी खरी, पण घर बांधताना किती जागा सोडायची हे आजही कायदाच ठरवतो. अमेरिकेने १९८८ साली दिव्यांगत्वावरून भाडेकरू नाकारण्यास बंदी घातली आणि भाडेकरू स्वखर्चाने घरात आवश्यक बदल करू म्हणाला तर मालकाने अडवू नये, असे ठरवले. आपल्या कायद्यात भाड्याच्या घराबद्दल इतकी स्पष्ट तरतूद नाही, ती हवी. पण नव्या इमारतींसाठी थांबण्याचे कारण नाही. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकाम परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४४ सांगते, आणि असे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. अमरावती आणि अकोला महानगरपालिकांच्या नगररचना विभागांनी बिल्डरचा नकाशा टेबलावर येईल त्याच दिवशी उतार, दारांची रुंदी आणि तळमजल्याचे संडास-न्हाणीघर तपासावे, आणि ते नसेल तर नकाशा परत पाठवावा.