हजेरीची वही कोणाच्या काखेत?

गोसीखुर्दला वैनगंगेवर धरण आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. 372 कोटींचा अंदाज 18 हजार कोटींच्या वर गेला. पुढाऱ्यांची नावं दगडावर कोरली. घमेली वाहणाऱ्या बायांची नावं हजेरीच्या वहीत, आणि वही मुकादमाच्या काखेत. माझं भांडण त्या वहीशी आहे.

कामाच्या जागी बाईची सुरक्षा म्हटलं की शहरी माणसाला टेबल-खुर्ची दिसते. आमच्या बायांची कामाची जागा म्हणजे रोवण्याचा चिखल, तेंदूपत्त्याचं जंगल, बिडीचं सूप, राईस मिलचा कोंडा. मी मिलमध्ये पोती उचलतो. बाई तितकेच तास धान वाळवते, झाडते. मजुरी कमी. कायले? तर म्हणे हलकं काम. कोंडा तिच्या छातीत जातो तो काय हलका होऊन जातो? लघवीला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. हे कोणत्या मस्टरवर लिहायचं?

समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. 2013 च्या कायद्यात शेतमजूर बाई आहे, धुणंभांडं करणारीही आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा मालकच गुन्हेगार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत मिळाली पाहिजे, हेही त्यात आहे. पण भंडाऱ्याला जायचं तर रोज बुडतो. आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं, वही त्याच्याचकडे. ‘उद्यापासून येऊ नको.’ झाला निकाल.

हा कायदा ऑफिसात जन्मला नाही. राजस्थानच्या भंवरीदेवी या कुंभार बाईने कामाचा भाग म्हणून बालविवाह अडवायचा प्रयत्न केला. 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये कोर्टाने आरोपींना त्यातून सोडलं. त्यावरून बायांच्या संघटना लढल्या, तेव्हा 1997 चा विशाखा निकाल आला. आणि आपल्याच जिल्ह्यातलं खैरलांजी? सुरेखा भोतमांगेचं शेत हीच तिची कामाची जागा होती. त्या जमिनीसाठी ती भांडत होती. 29 सप्टेंबर 2006 ला तिला लेकरांसकट मारलं. कोर्टाला त्यात जात दिसली नाही.

आता भावांनो, आपल्याकडे येतो. बाबासाहेब 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात मजूर बाईच्या पगारी बाळंतपणासाठी उभे राहिले. 1942 च्या जुलैत नागपुरात दलित बायांची परिषद भरली. आणि आपल्या मीटिंगीत बाया चहा करतात! मुकादम पुष्कळदा आपल्यातलाच. जयभीम घालतो, आणि बाईने तोंड उघडलं की आपण म्हणतो, जाऊ दे, समाजाची इज्जत जाते. कोणाची इज्जत बे?

हजेरी बायांपैकीच एकीने लिहावी. मजुरी तिच्या हातात पडावी, नवऱ्याच्या नाही. मिलच्या पट्ट्याला जाळी पाहिजे, बायांसाठी संडास पाहिजे. समितीने भंडारा सोडून बांधावर यावं.

येत्या रोवण्याला मुकादम गाडीवरून उतरेल, वही उघडेल, तोंडाळ बाईचं नाव गाळेल. तेव्हा आपण सगळे गडी चिखलातून बाहेर निघणार, की त्याच्याकडून बिडी पेटवून घेणार?