चाक की बोट?

आमच्या शेजारच्या काकूंनी परवा नागपूरला बहिणीस फोनवरून लिहिले, ‘नळाला पाणी नाही.’ बहिणीस मिळाले ते ‘नलाला पानी नाही.’ रायपूरच्या जुन्या मराठी घरांना हिंदी परकी नाही. तथापि सख्ख्या बहिणीशी बोलताना ‘ळ’ आणि ‘ण’ हवेतच! काकू रागावल्या. दोष त्यांच्या बोटांचा नव्हता.

फोनने आपले शब्द परस्पर सुधारावेत, या रीतीमागे एक जुने भांडण आहे. अमेरिकेतील ॲपल कंपनीत २००४ च्या अखेरीस आयफोनची आखणी सुरू झाली, तेव्हा घरातच दोन पक्ष पडले. टोनी फॅडेल यांच्या गटाने कंपनीच्या आयपॉड या गाणी ऐकण्याच्या यंत्रावरील चाकच फोनला बसवून पाहिले. स्कॉट फॉर्स्टॉल यांचा गट सपाट पडद्यावर बोटाने काम चालावे म्हणून खटपट करीत होता. चाक लोकांच्या सवयीचे होते खरे. पण नंबर फिरविताना ते जुन्या टेलिफोनच्या तबकडीसारखे कंटाळवाणे होई. काही महिने दोन्ही वाटा चालल्या आणि अखेर बोटाचा पक्ष जिंकला.

जिंकला खरा, परंतु लिहायचे कसे? पडद्यावरील अक्षरे इतकी बारीक, की एकावर बोट ठेवावे तर शेजारचे उमटे. २००५ च्या शरद ऋतूत गटातील अभियंत्यांना बाकीची कामे थांबवून केवळ कीबोर्ड करावयास सांगण्यात आले. केन कोसिएंडा यांनी मोठ्या कळा केल्या, एकेका कळेवर दोनतीन अक्षरे ठेवली आणि कोणता शब्द अभिप्रेत आहे, हे ओळखण्याचे काम शब्दकोशावर सोपविले. सहकाऱ्यांना ही दाटी रुचली नाही. तेव्हा एका कळेवर एकच अक्षर परत आले. शब्दकोश मात्र मागे राहिला, चुकलेले बोट सांभाळून घेण्यासाठी. ९ जानेवारी २००७ रोजी फोन जगापुढे आला तो असा.

पुढे इतर कंपन्यांनीही पडदा आणि बोट हाच मार्ग धरला. २०१८ साली छत्तीसगढ शासनाने ‘संचार क्रांती योजने’त स्त्रियांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जे फोन वाटले, तेही याच घडणीचे. भाषांतराचा धंदा करणाऱ्या मला या कथेत कळांपेक्षा तो मागे दडलेला कोशच महत्त्वाचा वाटतो. बोट चुकले की बरोबर होते, हे ठरविणार तो. आणि काकूंच्या फोनात तो होता हिंदीचा. त्याच्या दृष्टीने ‘पाणी’ ही चूकच.

भाचीने आता फोनात मराठी घालून दिली आहे. काकूंचा मात्र अजून विश्वास बसत नाही. ‘पाणी’ लिहून झाले, की चष्मा वर करून त्या ‘ण’ जागेवर आहे ना ते पाहतात, आणि मगच निरोप सोडतात.