गेममधला वाद्यवृंद आणि वादकांचा वाटा

व्हिडिओ गेमचे संगीत म्हणजे यंत्राची किणकिण, ही समजूत कधीच कालबाह्य झाली आहे. १९८६ मध्ये कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'साठी रचना केल्या, तेव्हा निन्टेन्डोच्या यंत्रात ध्वनीच्या अवघ्या पाच वाहिन्या होत्या. पुढच्याच वर्षी टोकियोतील मैफलीत त्या रचना वाद्यवृंदाने सादर केल्या. २०११ मध्ये 'सिव्हिलायझेशन ४'साठी ख्रिस्तोफर टिन यांनी रचलेल्या गीताला ग्रॅमी मिळाले. २०२३ पासून गेमच्या संगीतासाठी ग्रॅमीचा स्वतंत्र विभागच सुरू झाला.

प्रतिष्ठा वाढली, प्रश्न उरला तो वादकांच्या मोबदल्याचा. चित्रपटातील प्रसंगाची लांबी ठरलेली असते. गेममध्ये खेळाडू एका ठिकाणी मिनिटभर रेंगाळेल की तासभर, हे संगीतकाराला ठाऊक नसते. म्हणून तंतुवाद्ये, पितळी वाद्ये व तालवाद्ये अनेकदा स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होतात आणि संगणक प्रसंगानुरूप त्यांचे थर चढवतो-उतरवतो. हेच तुकडे पुढे नव्या आवृत्तीत वा जाहिरातीतही वापरता येतात. अशा पुनर्वापराचा मोबदला मिळावा, हा अमेरिकेतील वादक संघटनेचा आग्रह. निर्मात्यांचा कल एकरकमी व्यवहाराकडे. या ओढाताणीत बरेचसे ध्वनिमुद्रण लंडन, प्रागकडे वळले.

जिवंत वाद्यवृंदाची भव्यता गेमला हवी असेल, तर तिच्या वापराइतकाच वादकांच्या श्रमांचा हिशेबही दूरवर चालायला हवा. एका दिवसाच्या बिदागीवर तो मिटवणे न्याय्य नव्हे.