बॅकअप आहे? मग उघडून दाखवा

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा मी अमेरिकेत पीएचडी करत होते. विषय काय, तर डिस्क बिघडल्या, सर्व्हर बंद पडले, तरी त्यांवरचा डेटा शाबूत कसा ठेवायचा. त्याच दिवशी तिकडे माझ्या आत्याच्या पतसंस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर पाण्याखाली गेला. बॅकअपची हार्ड डिस्क होती, नाही असं नाही. ती त्याच टेबलाच्या खणात होती.

पुढचे सात-आठ महिने सभासदांच्या पासबुकांवरून खाती पुन्हा उभी करण्यात गेले. ज्यांची पासबुकं वाचली त्यांचं निभावलं. ज्यांची वाहून गेली त्यांनी प्रतिज्ञापत्रं लिहून दिली. आत्याचं पासबुक माळ्यावर होतं म्हणून वाचलं, पण त्यात शेवटची नोंद मार्चमधली. त्यानंतर पिग्मी एजंटाकडे रोज शंभर रुपये भरल्याच्या पावत्या खालच्या कपाटात होत्या. त्यांची शाई धुऊन गेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू हेच शिकतेस ना गं तिकडे?"

आज मी पोस्टडॉक आहे आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. "आमच्यासारख्या छोट्या संस्थेला हे सगळं परवडत नाही" असं जे गावोगावचे संचालक सांगतात, ते खरं नाही. परवडतं. त्यांना कुणी जाब विचारत नाही, एवढंच. आणि जाब न विचारणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत तुम्ही आणि मी बसलो आहोत.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपली खाती मोठ्या बँकेत आहेत. असतील. पण आईबाबांची ठेव कुठे आहे? बाबांच्या निवृत्तीचे पैसे, काकूचं दागिन्यांवरचं कर्ज, शेजारच्या दुकानदाराची पिग्मी कुठे आहे? सहकारी बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, सायबर सुरक्षेची चौकट त्यांना लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते. आणि विमा असला तरी तो कुणाला किती द्यायचा याची यादी बँकेच्या नोंदींवरूनच करावी लागते. नोंदीच बुडाल्या तर यादी कशावरून करणार?

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे, "मी तर बाबांना सांगितलंय, पैसे काढा आणि मोठ्या बँकेत टाका." हा शहाणपणा मला मान्य नाही. भाजीवालीला पंचवीस हजारांचं कर्ज पतसंस्था देते, कारण तिथल्या माणसाला ती भाजीवाली ठाऊक असते. मोठ्या बँकेला तिच्याकडून कागद लागतात. ज्यांना शक्य आहे त्या सगळ्यांनी ठेवी काढून घेतल्या, की मागे राहतात ते ज्यांना दुसरीकडे दार नाही ते. निघून जाणं सोपं आहे. आपण तर आधीच निघून आलो आहोत.

आता परवडण्याचा हिशोब करू. समजा, संस्थेत १० हजार खाती आहेत. प्रत्येक खात्यात वर्षाला १०० व्यवहार धरा, आणि १० वर्षांच्या नोंदी. झाल्या १ कोटी नोंदी. एका नोंदीला सढळ हाताने ५०० बाइट दिले तरी एकूण डेटा होतो ५ जीबी. फोटो, सह्या, बाकीचा पसारा धरून ५० जीबी म्हणू. तुमच्या चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा असेल.

क्लाउडवर साठवणुकीचा साधारण दर एका जीबीला महिन्याला अडीच अमेरिकन सेंटच्या आसपास असतो. म्हणजे भारतातल्याच डेटा सेंटरमध्ये ५० जीबीची एक प्रत ठेवायला महिन्याला सव्वा डॉलर. रोजची पूर्ण प्रत घेऊन तीस दिवसांच्या तीस प्रती ठेवल्या तरी चाळीस डॉलरच्या आत. त्याखेरीज दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, काही हजार रुपयांच्या. एक कार्यालयात आणि दुसरी गावाबाहेर, उंचावरच्या एखाद्या शाखेत, कुलपात. दर आठवड्याला अदलाबदल. डेटा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेला, आणि त्याची किल्ली वेगळ्या माणसाकडे. संस्थेच्या वर्धापनदिनाला जेवढी शाल-श्रीफळं वाटली जातात, त्याच रकमेत हे वर्षभर चालेल.

जुना नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वास्तूच्या बाहेर. मी त्यात भर घालीन, की एक प्रत कशालाच न जोडलेली हवी. कारण आता धोका फक्त पुराचा नाही. रॅन्समवेअर शिरलं की सर्व्हरला कायम जोडलेली बॅकअपची डिस्कही तेच कुलूप लावून घेते.

"आमचं सगळं सॉफ्टवेअरवाल्या कंपनीकडे आहे, ते बघतात," हे तिसरं उत्तर. ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडकले. जोडणी दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली, हे नशीब. काम दुसऱ्याला देता येतं, पण जबाबदारी संचालक मंडळाचीच राहते. खातेदार सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात जात नाही, तो तुमच्या काउंटरवर येतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅकअप घेणं म्हणजे अर्धंच काम. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांची कामं सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी त्यांतली एकही धड चालली नाही. रोजचा बॅकअप कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. एकाने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत होती, म्हणून कंपनी वाचली. तरी त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं उघडपणे जगाला सांगितलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

आत्याच्या पतसंस्थेने पुरानंतर नवा सर्व्हर घेतला, पहिल्या मजल्यावर ठेवला, क्लाउडवर बॅकअपही सुरू केला. रोज रात्री पडद्यावर हिरवी खूण यायची. मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा चेअरमन साहेबांनी कौतुकाने ती मला दाखवली. मी म्हटलं, "काका, ही प्रत माझ्या समोर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि कालची तेरीज काढून दाखवा." दोन तासांनी कळलं, की रोज रात्री सॉफ्टवेअरचं फोल्डर इमानेइतबारे वर जात होतं. खात्यांचा डेटाबेस त्यात नव्हताच. तो दुसऱ्या ड्राइव्हवर होता आणि तो ड्राइव्ह यादीत घालायचं राहून गेलं होतं. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. खर्च, तीन कप चहा.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच. गावच्या संस्थेला तुम्ही संगणक देता, सभागृहाला देणगी देता, आजोबांच्या नावाची पाटी लावून घेता. मीही त्यातलीच. यापुढे देणगीच्या धनादेशाबरोबर तीन प्रश्न पाठवा.

पहिला: बॅकअपची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तिची तेरीज आदल्या दिवसाच्या तेरजेशी शेवटची कधी ताडून पाहिली? तारीख सांगा. दुसरा: वास्तूच्या बाहेर, कशालाच न जोडलेली प्रत कुठे आहे? तिसरा: हे काम येणारा एकमेव माणूस उद्या आजारी पडला, तर कोण करेल?

याच तिसऱ्या प्रश्नाला जोडून दोन आकडे लिहून घ्या. किती तासांचा डेटा गेला तर चालेल, आणि किती तासांत काउंटर पुन्हा सुरू झालं पाहिजे. आमच्या क्षेत्रात पहिल्याला आरपीओ म्हणतात आणि दुसऱ्याला आरटीओ. लायसन्सवालं आरटीओ नव्हे, तरी इथेही उशीर झाला तर दंड असतोच, फक्त तो ठेवीदार भरतो. हे दोन आकडे ठरवायला एक रुपयाही लागत नाही. ते ठरले की किती खर्च करायचा तेही ठरतं, कारण पिग्मीची संस्था एक दिवस बंद राहू शकते, पण एका दिवसाच्या पावत्या गमावू शकत नाही.

तुम्ही सभासद नसाल, पण तुमचे बाबा आहेत. पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि सभेत प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. एरवी तिथे लाभांश आणि अल्पोपाहार एवढ्यावरच सभा उरकते. या रविवारी फोन कराल तेव्हा तब्येत आणि हवापाणी विचारून झालं, की त्यांना हे तीन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा. आणि चेअरमन म्हणाले, "बॅकअप आहे हो," तर बाबांनी खाली बसू नये. "उघडून दाखवा" म्हणावं.