रडक्या मालिकांची बाजू

सिनेमा पाहिला म्हटले की कोणी हसत नाही. नाटक पाहिले म्हटले की उलट थोडा मान वाढतो. पण मालिका, तीही जुनी, तीही रडकी, आणि तीही दुसऱ्यांदा! वसतिगृहातला आमचा एक मित्र हे सांगताना चोरी कबूल करावी तसा आवाज खाली आणतो. मी मात्र, वाचकहो, आवाज खाली न आणता, कॉलेजच्या अंकात छापून सांगतो की मी जुन्या रडक्या मालिका पुन्हा पाहतो आणि त्यात मला आनंद होतो.

टीकाकारांचे म्हणणे आधी मान्य करून टाकू. 'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली. भाग तीन हजारांहून अधिक! मी जन्मलो तेव्हा ती चालू होती, पाटी घेऊन शाळेत जाऊ लागलो तेव्हाही चालूच होती. नावात चार दिवस, प्रत्यक्षात तप उलटत आले. हे कसे घडते, ते वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला विचारा. वाहिनी मालिका विकत नसते. मालिकेच्या मधली जाहिरातीची सेकंदे विकत असते. चालत्या मालिकेला गिऱ्हाईक आयते असते, नवी काढायची तर खर्च आणि धोका दोन्ही आले. मग एकच थोबाडीत तीन वेळा दाखवायची, तीन बाजूंनी. त्यानंतर दिवाणखान्यातल्या प्रत्येकाचा चेहरा, अगदी दाराशी उभ्या असलेल्या नोकराचासुद्धा, आणि वर वीज कडाडल्याचा आवाज. नट तेच, सोफा तोच, पण अर्धा भाग भरला. याला कला म्हणत नाहीत, किफायत म्हणतात.

आमचे घर पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरला. आईचे माहेर बेळगावकडचे, म्हणून घरात मराठीबरोबर कन्नडही. सुट्टीत गेलो की जेवणे झाल्यावर मोबाइलवर एखादा जुना भाग लावायचा आणि तिघांनी पाहायचा: आजी, आई आणि मी. कंटाळवाणा प्रसंग मी पुढे ढकलू पाहतो, की आजी हात धरते. "रे, फुडे व्हरू नाका, आता ती येतली!" ती येणार हे आजीला पाठ आहे, म्हणूनच तर तिला थांबायचे आहे.

यात नवल नाही. आमच्या भागात आणि पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेतल्या दशावताराला 'पुढे काय होणार' हे पाहायला कोणी जात नाही. संकासुर मरणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. फरक इतकाच की दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते आयत्या वेळी रचतो. आज तो कसा बोलतो याचे कुतूहल उरते. मालिकेत तेही नाही. ती शंभर वेळा पाहिली तरी तेच बोलणार. बदलतात ती पाहणारी माणसे.

ही गोष्ट मला आईमुळे कळली. रोहिणी हट्टंगडींची सासू करड्या आवाजात बोलते आहे आणि कविता लाडांची सून खाली मान घालून ऐकते आहे, असा कुठला तरी प्रसंग होता. पूर्वी अशा वेळी आई पदराने डोळे टिपायची, हे मला आठवते. या खेपेला ती एकदम म्हणाली, "एवढे ऐकून कशाला घ्यायचे? तोंड नव्हते काय हिला?" आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेव्हा बोलायची पद्धत नव्हती." आणि तिने आपल्या सासूची एक हकीकत सांगितली, जी आईने इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. मोबाइल चालूच होता, कोणी पाहत नव्हते. एका घरात वीस-बावीस वर्षे राहिलेल्या सासू-सुना, पण त्या विषयावर समोरासमोर बोललेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. पडद्यावरच्या सासूचे नाव घेऊन मात्र दोघी बरेच काही बोलून गेल्या.

म्हणून मी म्हणतो, पुन्हा पाहायला मालिका जरा बेतासबात असलेलीच बरी. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' लावली की आम्ही तिघेही चिडीचूप होतो. ती उत्तमच आहे, पण उत्तम गोष्ट बोलू देत नाही. रडकी मालिका बोलू देते. एक वाक्य चुकले तर काय बिघडते? पुढच्या भागात ते पुन्हा येतेच!

कन्नड मालिकांचेही हेच. ई टीव्ही मराठी आणि ई टीव्ही कन्नड ही हैदराबादच्या एकाच समूहाची भावंडे. दोन्ही २००० साली सुरू झाली आणि २०१५ साली दोघांचेही नाव 'कलर्स' झाले. आजीला कन्नडचा एक शब्द समजत नाही, पण नुसत्या पार्श्वसंगीतावरून सासू कोणती हे ती बिनचूक ओळखते.

याचा अर्थ जुने ते सोने असा मात्र कोणी काढू नये. टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असे जाहीर केले. तेव्हापासून 'त्या वेळच्या मालिका किती संस्कारी होत्या' हे पालुपद फार ऐकू येते. मला ते पटत नाही. सुनेने सोसावे आणि त्या सोसण्याला आपण टाळ्या द्याव्यात, यात संस्कार कसला? आईचा राग मला त्या टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि एक तक्रार आमच्याच पिढीविषयी. हल्ली त्या तीन बाजूंच्या थोबाडीतीची अर्ध्या मिनिटाची फीत फिरते, ती जो तो कानात बोंडे घालून एकटा पाहतो, हसतो आणि पुढे सरकवतो. हसण्यासारखे आहेच ते. पण शेजारी आई नाही, आजी नाही, मग 'तोंड नव्हते काय हिला' हे म्हणायचे कोणी, आणि उत्तर द्यायचे कोणी?

कन्नड विभागातल्या मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. आपल्याकडच्या अशा एखाद्या मालिकेचा जुना भाग या सुट्टीत घरी लावून पाहा, आणि आपल्या अव्वा व अज्जी त्यावर काय बोलल्या ते पुढच्या अंकात लिहा. कन्नडमध्ये लिहिलेत तरी चालेल. मी आईकडून वाचून घेईन, आणि आजीला मराठीत सांगेन.