वाळूतले उपविजेते

१९ जुलै २०१५. पोर्तुगालमधल्या एस्पिन्योच्या किनाऱ्यावर बीच सॉकर विश्वचषकाचा अंतिम सामना. एका बाजूला यजमान पोर्तुगाल, कर्णधार माजेर. समोर ताहिती. प्रशांत महासागरातल्या ज्या बेटसमूहातलं हे बेट, त्या अख्ख्या समूहाची वस्ती तीन लाखही नाही! उपांत्य सामन्यात त्यांनी इटलीला पेनल्टींवर घरी पाठवलं होतं.

या खेळाला किनाऱ्यावरची मौज समजू नये. संघात पाचच जण, पाय अनवाणी, बारा-बारा मिनिटांचे तीन डाव. वाळूत चेंडू सरळ घरंगळत नाही. म्हणून तो पायाच्या बोटांनी उचलायचा आणि हवेतच खेळवायचा. कोरड्या पुळणीवर दहा पावलं धावून पाहा, पोटऱ्या काय म्हणतात ते कळेल. पैसा किंवा मोठी मैदानं इथे फार उपयोगाची नाहीत. ताहितीला संधी मिळाली ती इथेच, असं आम्हाला वाटतं.

पोर्तुगाल ५-३ असं जिंकलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र ताहितीचा हेइमानू ताइआरुई ठरला. दोन वर्षांनी बहामात ताहिती पुन्हा अंतिम फेरीत पोचलं. ब्राझीलने त्यांना ६-० असं धुतलं.