मैदान मालकाचे, कर्ज लोकांचे

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरी लोकांच्या पैशाने बांधलेले ‘किंगडोम’ हे क्रीडागृह १९७६ साली उघडले आणि २००० साली सुरुंग लावून पाडले. त्यावरचे कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होते!

मला अधिक बोचते ते १९९५ चे प्रकरण. नव्या मैदानासाठीचा वाढीव कर सप्टेंबरात मतदारांनी निसटत्या बहुमताने फेटाळला. बेसबॉल संघाचे मालक म्हणाले, संघ विकायला काढतो. झाले! ऑक्टोबरात विधिमंडळाने उपाहारगृहांच्या बिलावरील कर वगैरे दुसऱ्या वाटा मोकळ्या करून दिल्या. मग मतदान घेतले कशाला? बेसबॉल न पाहणाऱ्यानेही जेवता जेवता वर्गणी द्यायची. (आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीची निदान पावती मिळते.)

खेळाला माझा विरोध नाही. मुलांच्या पटांगणांवर सरकारने खुशाल खर्च करावा. तिकीट लावून चालणाऱ्या धंद्याचे छप्पर मात्र मालकांनीच घालावे.